राहू दे तुझ्याकडेच

“यशो, वर जा गं, ऊन वाया चाललंय,” हेमलताकाकू म्हणाल्या.

“आज ऊन राहू दे, काकू,” मी म्हणाले. “आज पीठ मी कुटते.”

एवढंच बोलले होते मी. पण पाट्यावरचा वरवंटा थांबला, पोळपाटांवरची लाटणी थांबली, आणि काकूंच्या न्हाणीतला नळ गळतोय हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू आलं.

आमच्या मैत्री महिला बचत गटाचं पापडाचं काम काकूंच्या घरी चालायचं. त्या गटाच्या अध्यक्ष. खालच्या मागच्या खोलीत पीठ भिजवायचं, कुटायचं, लाटायचं. वर गच्चीवर वाळवायचं. मी वर असायचे. गटात आले त्या पहिल्या दिवशी काकूंनी मला गच्चीवर पाठवलं आणि संध्याकाळी एक पापड हातात धरून म्हणाल्या, “बघा गं बायांनो, कुठं वाकला नाही, कुठं चिरला नाही. हिच्या हाताला ऊन आहे.” आपल्या हाताचं कौतुक झालं की माणूस पुढचं काही विचारत नाही. मीही घरी जाऊन ह्यांना सांगितलं, माझ्या हाताला ऊन आहे म्हणून. हे म्हणाले, मग धुणं लवकर वाळायला पाहिजे.

वाळलेला पापड उलटायचा, गठ्ठे बांधायचे, पिशव्यांत भरायचे, बाजारात बसून विकायचे, ही सगळी कामं माझी. पापड ओला असेपर्यंत त्यांचा, वाळला की माझा. हे कुणी ठरवलं नव्हतं. निदान माझ्यासमोर तरी नाही.

त्या चैत्रात अडचण अशी झाली की पीठ कुटणारी निर्मला लेकीच्या बाळंतपणाला गेली. काकूंचं मनगट सुजलेलं. सोजरमावशी कुटत होत्या, पण त्यांचं वय झालेलं. चार घाव घातले की वरवंट्यावर हात ठेवून दम खायच्या. आणि जिल्ह्याच्या प्रदर्शनात आमच्या गटाला टेबल मिळालेलं, रविवारी माल पोचवायचा होता. उडदाचं पीठ कुणासाठी थांबत नाही. ओल्या फडक्याखाली ठेवलं तरी कडेनं वाळायला लागतं.

“अगं, तुला कशाला त्रास,” काकू म्हणाल्या. “फार जोर लागतो त्याला.”

“काकू, मी घरी जळण फोडते.”

“तिला जोर हाय की,” सोजरमावशी म्हणाल्या. “माझा खांदा उतरला बाई. घे गं—”

“मावशी, तुम्ही जरा गप्प बसा.” काकूंनी शीतलकडे पाहिलं. शीतल त्यांची सून, नवीनच आलेली. “शीतल, पलीकडच्या गल्लीतल्या नलूला हाक मार.”

“ती बाळंतीण आहे ना, आई.”

“मग तिच्या सासूला.”

“त्यांना दिसत नाही.”

“पीठ कुटायला काय दिसायला लागतं?” काकू म्हणाल्या.

कुणीतरी फसकन हसलं. मला हसू आलं नाही. मी म्हणाले, “म्हणजे काकू, डोळ्यांनी गेलेली चालेल, पण मी नाही?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

“तुला वरचं काम छान जमतं.”

“खालचं मला कधी करूच दिलेलं नाही.”

“आता उगाच विषय वाढवू नकोस, यशो. उन्हं चढायला लागली.”

तेव्हा माझ्या तोंडून तो शब्द गेला. ओरडून नाही, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात.

“काकू, हा भेदभाव आहे.”

काकूंचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या अंगावर उकळतं तेल ओतलं होतं. त्या मटकन खाली बसल्या. “मला म्हणालीस? मला?” त्यांच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. “आजवर कुणी जात काढली का या घरात? सांगा गं, कुणी काढली? हिनं काढली आज. पहिल्यांदा हिनं काढली. म्हणजे जातीयवादी कोण झालं?”

“मी जातीचं नावही घेतलं नाही,” मी म्हणाले.

“घ्यायला कशाला लागतं. कळतं सगळ्यांना.”

हे मात्र खरं होतं. आम्ही बुद्धविहारामागच्या आळीतले. आमच्या आळीतून त्या गटात आलेली मी एकटी, आणि सगळ्यांना सगळं कळत होतं.

आता काकूंबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही त्यांना भलतंच समजाल. माझ्या धाकट्याला टायफॉइड झाला तेव्हा सरकारी दवाखान्यात काकू रोज दुपारी यायच्या. माझ्या पोराच्या कपाळावर हात ठेवून बसायच्या. मला म्हणायच्या, तू जरा आडवी हो. येताना डब्यात मुगाची खिचडी, वर तूप. आमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, म्हणून मी डब्यात शेंगदाण्याचे लाडू घालून न्यायचे. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, “लाडू पोरांना दे. डबाही राहू दे तुझ्याकडेच.” असे काकूंचे डबे माझ्या फळीवर साठत गेले. झाकणांवर नाव घातलेलं, ठिपक्याठिपक्यांनी: सौ. हेमलता पाटणे. मी त्यांत डाळी भरायचे आणि आल्यागेल्याला दाखवायचे.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, त्या डब्यांकडे बघून एकदा म्हणाल्या, “ही बाई डबा परत न्हेत न्हाई, हे ध्यानात ठीव.”

“आत्याबाई, प्रेमानं देतात हो त्या.”

“प्रेमानंच म्हनते मी,” आत्याबाई म्हणाल्या, आणि तंबाखू मळायला लागल्या.

तर काकूंचं रडणं ऐकून बाहेरच्या खोलीतून पाटणे सर आले. काकूंचे यजमान, हायस्कुलातून रिटायर झालेले. मोठा सज्जन माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत, आमच्यासारख्यांनाही अहोजाहो करायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आत गेले आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला जाडजूड शब्दकोश घेऊन आले. भांडण मिटवायला कोण काठी आणतं, कोण पंच आणतं. सरांनी कोश आणला.

मला त्या पुस्तकाचा मोह पडला, खोटं कशाला सांगू. माझी शाळा सातवीला सुटली. आमचे हे एसटी डेपोत मेकॅनिक. गाडीत राहिलेली मासिकं, कुणाचं अर्धं फाटलेलं पुस्तक, असं काहीबाही घरी आणायचे. त्यावर माझं शिक्षण झालं. कितीतरी कादंबऱ्या मी अर्ध्याच वाचल्यात. उरलेलं स्वतःच लावायची सवय मला तिथून लागली.

“बसा, यशोधराबाई,” सर म्हणाले. खुर्ची एकच होती, ती त्यांनी घेतली. चष्मा लावला. “शब्द जपून वापरावेत. त्यांचे अर्थ ठरलेले असतात. हे बघा. भेद म्हणजे फरक, वेगळेपणा, फूट. भाव म्हणजे मनाची अवस्था. भेदभाव म्हणजे मनात बाळगलेला दुजेपणा. म्हणजे त्याची जागा कुठं? मनात. पटतंय?”

“पुस्तकात आहे म्हणजे असेल, सर.”

“आता हिच्या मनात तुमच्याबद्दल दुजेपणा असता, तर ही तुमच्या मुलाच्या उशाशी बसली असती?”

“नसत्या बसल्या.”

“हिच्या मनात द्वेष आहे?”

“नाही, सर.”

“मग शब्द चुकला.” सरांनी कोशात बोट घालून तो मिटला. “तुम्ही म्हणता त्याला फार तर सवय म्हणता येईल. रीत.”

“मला मनातलं काय दिसणार, सर,” मी म्हणाले. “मी परातीतलं बोलतेय.”

“परातीचा काय संबंध?”

सोजरमावशी पाट्यापाशी बसल्या बसल्या पिठाला तेलाचा हात लावत होत्या, वाळू नये म्हणून. त्या मान वर न करता म्हणाल्या, “सर उगंच पुस्तक चाळत्यात. आमच्या सासूच्या काळात सरळ इटाळ म्हनायचे त्याला. आता नाव गेलं, काम तेवढं राह्यलं.”

“मावशी!” काकू म्हणाल्या.

“मी काय म्हनले? मी पीठ बघतेय.”

काकूंनी डोळे पुसले. आता त्यांचा आवाज शांत होता. “यशो, तू मला चोर म्हणाली असतीस तर मी विसरले असते. हे नाही विसरता येणार. शब्द मागे घे. सगळ्यांसमोर घेतलास तर झालं गेलं संपलं, रविवारी प्रदर्शनात तूच टेबलावर बस. नाहीतर मग तुझं तू, आमचं आम्ही.”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. शीतल सोडून, ती आपल्या लाटण्याकडे बघत होती.

मी शब्द मागे घेणार होते. तोंड उघडलं होतं मी. गट सुटला तर आमच्या आळीतली दुसरी कोणी त्या दारात उभी राहणार नव्हती, हे मला माहीत होतं. आणि खिचडीवरचं तूपही आठवत होतं. एक शब्द तर होता. तो गिळायचा आणि जिना चढून वर जायचं, एवढंच काम.

तेवढ्यात सोजरमावशींनी कुटलेल्या पिठाची लांब वळी केली. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं, दुसरं हातात ताणून धरलं आणि टकाटक लाट्या पाडायला लागल्या. लाट्या परातीत पडत होत्या. ती परात काकूंनी गटाला दिलेली, लग्नात वापरतात तसली मोठी. काठावर ठिपक्यांनी कोरलेलं, मैत्री गटास सौ. हेमलता पाटणे यांजकडून सप्रेम भेट.

पापडाचं काम ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, पहिल्या लाट्या पाडल्या की त्या लाटायच्या नसतात, खायच्या असतात. मध्ये कच्च्या तेलाची वाटी ठेवायची, आपापल्या हातानं लाटी उचलायची, तेलात बुडवायची आणि तोंडात टाकायची. हिंगामिऱ्याचा झणका नाकात जातो, डोळ्यांत पाणी येतं, आणि बायका उगाचच हसायला लागतात. आमच्या गटातही ही रीत होती. त्या वेळेला मला गच्चीवरून हाक यायची. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ओंजळ धरायचे आणि काकू स्वतः उठून यायच्या, सगळ्यांत मोठी लाटी निवडायच्या, तेलात बुडवायच्या आणि वरून माझ्या ओंजळीत सोडायच्या. टपकन. “सगळ्यांत मोठी तुला,” म्हणायच्या. आणि खरंच सगळ्यांत मोठी असायची.

मी उठले. पाटणे सरांच्या खुर्चीला वळसा घालून परातीपाशी गेले आणि मांडी घालून बसले. परातीतून एक लाटी उचलली. मोठी नव्हे, काठाशी होती ती. मधल्या वाटीत बुडवली. बोटं तेलात गेली. लाटी तोंडात टाकली.

“आता घ्या,” मी म्हणाले. “लाट्या खायची वेळ झाली.”

तिखट होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी मुद्दाम पुसलं नाही.

कुणी हात पुढे केला नाही. नळ गळत होता. शीतलचा हात पोळपाटावरून किंचित उचलला गेला, तिनं सासूकडे पाहिलं, हात पुन्हा पोळपाटावर आला. सोजरमावशी म्हणाल्या, “मला न्हाई जमायचं बाई. खोटं कशाला बोलू.” त्या खोलीत त्या दिवशी माझ्याशी सरळ बोललेलं ते एकच माणूस.

“सर, तुम्ही घ्या,” मी म्हणाले.

“मला दाताचा त्रास आहे,” सर म्हणाले.

लाटी लोण्यासारखी मऊ होती.

मी काकूंकडे पाहिलं. काकू परातीकडे बघत होत्या, मग वाटीकडे, मग पुन्हा परातीकडे. त्यांचा जीव किती घाबरा झाला होता ते मला दिसत होतं, आणि सांगते, मला त्यांची दया आली. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. ताप उतरल्यासारखा. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला.

“वेडी कुठली. एवढंच होतं होय? लाट्या हव्या होत्या तर सांगायचं नाही का? घेऊन जा. सगळं पीठ घेऊन जा, पोरांना पापड कर. आम्ही दुसरं भिजवतो.” त्यांनी तेलाची वाटी पायानं नव्हे, हातानंच, पण दोन बोटांनी परातीकडे सरकवली. “वाटी पण घे. आणि परात काही परत आणत बसू नकोस. राहू दे तुझ्याकडेच.”

खोलीतल्या सगळ्यांचा श्वास एकदम सुटला. कोपऱ्यातून कुणी म्हणालं, “काकूंचं मन बघा केवढं आहे.” कुणी म्हणालं, “आता तरी कळलं असेल हिला.” पाटणे सरांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज भरून आला होता. “यशोधराबाई, ह्याला तुम्ही भेदभाव म्हणणार? आख्खी परात दिली तिनं तुम्हाला. हा द्वेष आहे?”

माझ्यासमोर एकदम माझ्या घरातली फळी आली. डब्याशेजारी डबा, प्रत्येक झाकणावर नाव.

“नाही, सर,” मी म्हणाले. “द्वेष नाही. द्वेष असता तर मला हाकललं असतं आणि परात ठेवून घेतली असती.”

सरांनी कोश उघडला नाही. मी पदराची चुंबळ केली, परात डोक्यावर घेतली. जड होती, पण मी सांगितलंच होतं, मी जळण फोडते. दारात थांबून म्हणाले, “काकू, शब्दाचं काय ते उद्या सांगते.”

मागच्या गल्लीनं गेले असते तर आमची आळी जवळ. मी पेठेतून गेले, भर दुपारी, सोनाराच्या पेढीसमोरून, देवळासमोरून, बायका दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या त्यांच्यासमोरून. सगळ्यांनी ती परात ओळखली.

“यशो, कुठं निघालीस गं परात घेऊन?”

“बक्षीस मिळालं,” मी म्हणाले.

“कशाचं?”

“लाटी खाल्ल्याचं.”

घरी आत्याबाईंनी परातीचा काठ बोटानं चाचपला. त्यांना वाचता यायचं नाही, पण ठिपके त्यांच्या ओळखीचे झाले होते. “डब्यांची आई आली म्हनायची,” त्या म्हणाल्या. मग बाहेर जाऊन त्यांनी हाक घातली, आणि आळीतल्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन आल्या. आधी परात मध्ये ठेवली, शेजारी ती वाटी. पोरं, म्हाताऱ्या, सगळ्यांनी आपापल्या हातानं लाट्या उचलल्या. माझा धाकटा एवढ्या खाऊन बसला की रात्री जेवला नाही. उरलेल्याचे आम्ही पापड लाटले आणि पत्र्यावर वाळत घातले. एकही वाकला नाही. हाताला ऊन आहे हे खरंच होतं, त्याबद्दल काकू खोटं बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर मी चिंचेनं घासलेली, आरशासारखी परात डोक्यावर घेऊन काकूंच्या दारात उभी राहिले. परातीत पापडांचा गठ्ठा. भांडं रिकामं परत करत नाहीत. फळीवरचे डबेही आणले होते, डाळी काढून, प्रत्येकात एकेक लाडू घालून. काकू दारात आल्या. मागे शीतल.

“उन्हाची कशाला आलीस?” काकू म्हणाल्या.

“शब्द मागे घ्यायला.”

काकूंचा चेहरा खुलला. “मला माहीत होतं. तू गुणाची आहेस.”

“परात घ्या, काकू. ह्याच परातीत पीठ भिजवा, सगळ्यांनी मिळून लाट्या खा. तुमचा हात परातीत गेला की मी शब्द मागे घेते. पेठेत उभी राहून घेते. तुमच्या पायावर डोकं ठेवते.”

मी परात पुढे केली. काकूंनी हात उचलला. मी आजही शपथेवर सांगेन, त्यांनी हात उचलला होता, बोटं काठाच्या अगदी जवळ आली होती. मनापासून घ्यायची होती त्यांना. तिथं ती बोटं थांबली. मग त्यांनी त्याच हातानं पदर सारखा केला.

“राहू दे गं,” त्या म्हणाल्या, आणि हे इतक्या हळू म्हणाल्या की जणू त्याच मला विनवत होत्या. “प्रेमानं दिलीय.”

“मग शब्दही राहू दे,” मी म्हणाले. “मीही प्रेमानंच दिलाय.”

डबे मी त्यांच्या ओट्यावर ओळीनं मांडले. परात पुन्हा डोक्यावर घेतली.

प्रदर्शनात त्या वर्षी मैत्री गटाचं टेबल लागलं का, मला माहीत नाही. आमच्या आळीचा गट पावसाळ्याआधी उभा राहिला. काकूंची माझी गाठ लग्नाकार्यात पडते. पाठीवरून हात फिरवतात, पोरांची चौकशी करतात. सोजरमावशी गेल्या तेव्हा मी रडले. शीतल कधीतरी पापड न्यायला येते, आणि माझ्याकडे चहा घेते, माझ्याच कपातून.

इतकी वर्षं झाली, तरी पेठेतलं कुणी ना कुणी विचारतंच, “काय यशोधराबाई, तो शब्द घेतलात का नाही मागे?”

मी पिठात कोपरापर्यंत हात घातलेले असतात. काठावरचे ठिपके घासून घासून पुसट झालेत, पण अजून वाचता येतात.

“परात अजून माझ्याकडेच आहे,” मी म्हणते.